बिनशेंडीचा नारळ

आयर्लंडहून परत आल्यापासून नागपुरात जो भेटेल तो समुद्राच्या कड्यांबद्दल विचारतो. कडे पाहिले. उंच आहेत, वारा फार आहे, सुनंदाची शाल तिथे उडाली ती उडालीच. यापलीकडे मला कड्यांबद्दल काही सांगता येणार नाही, कारण त्या दिवशी माझं लक्षच तिकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि रविवारी मला एका पबमध्ये बसून मुलीच्या लग्नाची बोलणी करायची होती.

केतकी ही आमची एकुलती एक मुलगी. काही वर्षांपासून ती एनिस नावाच्या गावात राहते आणि तिथून रोज शॅननला नोकरीला जाते. काम अर्थातच सॉफ्टवेअरचं. त्याच ऑफिसात तिला डोनल भेटला. डोनल आम्हाला व्हिडिओ कॉलवर माहीत होता. हसरा मुलगा, 'नमस्ते काका' म्हणतो आणि त्यापुढे काय म्हणतो ते मला कधीच कळत नाही. केतकीने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, लग्न मी डोनलशीच करणार. पण तुम्ही मनापासून हो म्हटल्याशिवाय नाही करणार." यातलं धमकीचं वाक्य पहिलं की दुसरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुलाबद्दल माझी तक्रार नव्हती. धर्म, जेवणखाण, रंग यावर सुनंदाने आणि मी आपापसांत जे काय भांडायचं ते भांडून झालं होतं. माझी भीती साधी होती. उद्या या दोघांचं काही बिनसलं तर आमची मुलगी कुणाच्या दारात जाईल? नागपुरातच धरमपेठेत दिली असती तर ऑटो करून आमच्याकडे आली असती. म्हणून मला मुलाच्या वडिलांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, की मुलगी पसंत आहे, आता ती आमची आहे. आपल्याकडे हे मुलाकडच्यांनीच बोलायचं असतं. ते ऐकलं की हो म्हणायचं, नाही ऐकलं तर बॅग भरायची, असं मी विमानातच ठरवून टाकलं होतं.

शनिवार, एनिस

"पण पबमध्ये का?" मी केतकीला विचारलं. "त्यांना घर नाही का?"

"आहे हो बाबा. पण घरी बोलावलं की सगळं फॉर्मल होतं. डोनलच्या आईला वाटतं पाहुणे आपले पडदे बघताहेत, पाहुण्यांना वाटतं आपण पडदेच बघायला आलोय. पबमध्ये कसं, सगळे आपलेच असतात. इट्स ग्रँड."

हा 'ग्रँड' शब्द ती दर वाक्याला वापरते. पाऊस पडला तरी ग्रँड, बस चुकली तरी ग्रँड. आपल्याकडे भव्य असेल तेच ग्रँड असतं. तिथे बरं, ठीक, चालेल, असू दे, नको, या सगळ्याला तोच एक शब्द आहे. समोरचा हो म्हणतोय की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं, आणि चेहरा बहुतेक वेळा पावसाने ओला असतो.

सुनंदाने नागपूरहून टोपी, उपरणं, कुंकवाचा करंडा आणि अक्षता आणल्या होत्या. व्याह्यांचा मान करायचा तर रिकाम्या हाताने कसा? नारळ मात्र तिथेच घ्यायचा ठरलं. एनिसच्या सुपरमार्केटमध्ये नारळ मिळाला, पण तो पाहून सुनंदा हबकली. त्याला शेंडीच नव्हती. गुळगुळीत, गोटा केलेला, आणि मधोमध करवतीने एक चरी पाडलेली, फोडायला सोपं जावं म्हणून.

"हा काय नारळ म्हणायचा बाप्पा," ती म्हणाली. "टक्कल केलेला. शुभकार्यात असा नारळ कुणी देतं का?"

"आई, इथे असाच मिळतो."

"मग यांच्याकडे लग्नं टिकतात कशी?"

केतकीने नारळ टोपलीत टाकला. मला मात्र तो प्रश्न रात्रभर पुरला.

रविवार, दुपार

पब एनिसपासून थोड्या अंतरावरच्या खेड्यात आहे. पाटीवर एक आडनाव आहे, मालकाचं आडनाव दुसरंच आहे, आणि गावातले लोक पबला तिसऱ्याच नावाने ओळखतात. ते नाव फार वर्षांपूर्वी वारलेल्या एका बाईचं आहे. मी मोजणी खात्यात आयुष्य काढलं. जागा कुणाची, हद्द कुठपर्यंत, हे आधी ठरवल्याशिवाय मला पुढचं काही सुचत नाही. इथे दारातच माझा हिशेब चुकला.

डोनलने गाडी थांबवली. त्याची आई ब्रीडा चर्चमध्ये गायला गेली होती, तिला आणायला तो आणि केतकी निघाले. केतकी म्हणाली, "बाबा, तुम्ही आत जाऊन बसा. डोनलचे वडील आत असतीलच. आम्ही आलोच." आणि आम्ही दोघं, हातात नारळाची पिशवी घेऊन, आत गेलो.

आत अंधूक पिवळा उजेड, एक पेटलेली शेगडी, भिंतीवर जुन्या सामन्यांचे फोटो. मी मनात दारूचं दुकान धरून आलो होतो. इथे एक म्हातारी विणकाम करत होती, दोन पोरी चित्रं रंगवत होत्या, एक कुत्रा झोपला होता. सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, जणू आम्ही दर रविवारी येतो. डोनलच्या वडिलांचा एक फोटो केतकीने पाठवला होता, पण तो सामन्यातला होता. सगळ्यांच्या डोक्यावर तीच टोपी, सगळ्यांचे चेहरे गारठ्याने लाल, आणि वडिलांच्या अर्ध्या चेहऱ्यावर कुणाचा तरी झेंडा. कबूल करतो, आम्हाला ते सगळे सारखेच दिसत होते. त्यांनाही आम्ही तसेच दिसत असू.

तेवढ्यात शेगडीजवळून एक गृहस्थ उठले. साठी-सत्तरीचे, जाड स्वेटर, मोठे हात. टोपी काढली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "तुम्ही केतकीची माणसं. या, या. इथे माझ्याशेजारी बसा." सुनंदासाठी शेगडीजवळची खुर्ची ओढली. नाव सांगितलं मॅटी. केतकीने सासऱ्यांचं नाव टॉम सांगितलं होतं हे मला आठवलं, पण ज्या गावात पबला तीन नावं असतात तिथे माणसाला दोन असायला हरकत नव्हती. दारात उठून कोण येतं? मुलाचा बाप येतो. मी खात्री करून घेतली आणि बसलो.

जेवण आलं. आधी दाट भाजीचं सूप, सोबत काळसर पाव आणि त्यावर बोटभर लोणी. हा पाव मात्र मला फार आवडला. आपल्या ज्वारीच्या भाकरीसारखा खरखरीत, पोटाला धरणारा. सुनंदा शाकाहारी आहे म्हटल्यावर स्वयंपाकघरातल्या बाईंनी थोडा विचार केला आणि तिला एक मोठी ताटली आणून दिली. त्यात कुस्करलेला बटाटा, भाजलेला बटाटा, तळलेला बटाटा आणि एका कोपऱ्यात उकडलेला कोबी होता.

"बटाट्यासोबत खायला बटाटा," सुनंदा हळूच म्हणाली. पण संपवलं सगळं.

माझ्यापुढे एलचा, म्हणजे तिथल्या गडद बिअरचा, ग्लास आला. मी मागवला नव्हता. मी घेतच नाही असं नाही, वर्षातून एखाद्या वेळी मित्राच्या शेतावर घेतो. पण बोलणीत, व्याह्यांसमोर, बायकोच्या शेजारी बसून? मी रीतीप्रमाणे "नको, नको" म्हटलं. आपल्याकडे दोनदा नको म्हटलं की तिसऱ्या आग्रहाला घ्यायचं असतं. मॅटींनाही बहुधा तीच रीत माहीत होती, कारण त्यांनी बरोबर तिसऱ्यांदा आग्रह केला. रंग काढ्यासारखा, चव आधी कडवट आणि शेवटी जराशी करपलेल्या पोळीची. वाईट नव्हती. पण तो ग्लास अर्धा व्हायच्या आत दुसरा आला, मग तिसरा. टेबलाशी जो येऊन बसायचा तो सगळ्यांसाठी मागवायचा आणि त्यात मलाही धरायचा. हे कोण, कशासाठी पाजताहेत, यांचा लग्नाशी संबंध काय, काही उमगेना. एक बाई आली, आपलं तान्हं बाळ सुनंदाच्या मांडीवर ठेवलं, "दोन मिनिटं हं" म्हणाली आणि गप्पा मारायला निघून गेली. सुनंदाने बाळाकडे पाहिलं, बाळाने सुनंदाकडे. दोघंही माझ्याइतकीच गोंधळलेली होती.

मॅटी बोलत होते आणि मी वाट पाहत होतो. विषय मुलाकडच्यांनी काढायचा असतो. त्यांनी विचारलं, नागपूरला पाऊस किती पडतो? सांगितलं. शेती आहे का? काटोलला भावाकडे संत्र्याची बाग आहे, म्हटलं. मग दोन झाडांत अंतर किती ठेवता, संत्र्याची सालं गाई खातात का, हे सगळं झालं. त्यांच्या बोलण्यातलं अर्धं मला कळत नव्हतं, तरी चौकशी अगदी मनापासून चालली होती. मला वाटलं, मोठे मुरलेले आहेत, शेतीवरून घराणं काढताहेत. संत्री संपली की मुलीवर येतील. पण संत्री संपल्यावर ते पुन्हा पावसावर गेले.

या सगळ्यात एक माणूस मला खटकत होता. काउंटरच्या टोकाला तो एकटाच उभा होता. बाकी सगळे स्वेटरात, हा मात्र काळा सूट, कडक कॉलर, टाय. आमच्याकडे बघायचा, मी बघितलं की ग्लासात बघायचा. एकदा तो आमच्या टेबलाशी आला, पावाची ताटली ठेवली, "छान दिवस आहे" म्हणाला आणि परत फिरला. बाहेर धो धो पाऊस पडत होता. मी त्याला मॅनेजर समजलो आणि वेटरला म्हणतात तसं "थँक यू" म्हणून टाकलं.

शेवटी माझा धीर सुटला. तिसऱ्या ग्लासाचाही त्यात हात असेल. चर्चमधलं गाणं लांबलं असावं, पण केतकी यायच्या आत मला उत्तर हवं होतं, तिच्यासमोर हे विचारता आलं नसतं. मी मॅटींकडे वळलो आणि माझ्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "डोनल आणि माझी मुलगी. उद्या त्यांचं काही बिनसलं, तर तुम्ही तिला तुमच्या घरात घ्याल का? चूक कुणाची हे न बघता?"

 मॅटींनी ग्लास खाली ठेवला. बराच वेळ शेगडीकडे पाहिलं. मग ते इतकं सावकाश बोलले की मला शब्दन् शब्द कळला.

"माझ्याकडे मागची खोली आहे," ते म्हणाले. "माझ्या बहिणीची होती. ती गेल्यापासून रिकामीच आहे. मागचं दार आम्ही कधी लावत नाही. ती कधीही येऊ दे. का आली ते मी विचारणार नाही."

मला भरून आलं. यापेक्षा जास्त कोणता बाप बोलतो? मी सुनंदाला मराठीत सांगितलं, तिने बाळ शेजारच्या म्हातारीकडे दिलं आणि करंडा काढला. मॅटींना कपाळाकडे बोट करून दाखवलं. त्यांनी लगेच डोळे मिटून मान पुढे केली. त्यांच्या धर्मात वर्षातून एका बुधवारी कपाळाला राख लावून घेतात, ती सवय. काउंटरवरून कुणीतरी म्हणालं, "यंदा राखेचा बुधवार रविवारी आला वाटतं." सुनंदाने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मी त्यांच्या खांद्यावर उपरणं घातलं, डोक्यावर टोपी ठेवली, हातात तो बिनशेंडीचा नारळ दिला आणि वाकून नमस्कार केला. अख्ख्या पबने टाळ्या वाजवल्या. मॅटी टोपी सावरत उभे होते, डोळ्यांत पाणी, आणि चेहऱ्यावर असा भाव की हे काय चाललंय ते नंतर कुणीतरी सांगेलच.

त्याच वेळी दार उघडलं. केतकी, डोनल आणि त्यामागे छत्री मिटणाऱ्या ब्रीडाबाई.

केतकी दारातच थांबली. "बाबा, तुम्ही मॅटीला काय केलंत?"

"व्याह्यांचा मान केला," मी म्हणालो.

"बाबा, मॅटी डोनलचे शेजारी आहेत. त्यांचं लग्नसुद्धा नाही झालेलं. दर गुरुवारच्या क्विझला आमच्या टीममध्ये असतात." आणि ती काउंटरच्या टोकाकडे बघायला लागली.

सूटवाल्या माणसाने हातातला ग्लास ठेवला.

त्या क्षणी मला कुठे तोंड लपवावं ते कळेना. ज्या माणसाच्या एका शब्दासाठी मी इतक्या लांब आलो, त्याच्याकडून मी पाव वाढून घेतला होता. टोपी एकच होती, उपरणं एकच होतं, आणि दोन्ही भलत्याच माणसाच्या अंगावर होती. सुनंदा पुटपुटली, "आता काहून बोलत नाही तुम्ही? बोला ना काहीतरी." पण मी काय बोलणार? आपल्याकडे यावरून लग्नं मोडली आहेत.

टॉम पुढे आले. जवळून पाहिलं तर टायची गाठ कुणीतरी दुसऱ्याने बांधून दिल्यासारखी होती. ते माझ्याकडे न बघता माझ्या बुटांकडे बघत बोलायला लागले.

"डोनल म्हणाला, तुमच्याकडे हे बापांनी ठरवायचं असतं. म्हणून सूट घातला. सकाळपासून वाक्य जुळवतोय. मग मॅटी इतकं छान बोलत बसला की मध्ये पडवेना." त्यांनी श्वास घेतला. "मला विचारायचं होतं की आमचा मुलगा तुम्हाला चालेल का. तुमची एकुलती एक पोर, आणि इतक्या लांब. मी तुमच्या जागी असतो तर नाही म्हणालो असतो."

मी आयुष्यात कितीतरी लग्नांच्या बोलणीत बसलो आहे. मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला असं विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी ज्या भीतीने विमानात बसलो होतो, तीच भीती मनात धरून हा माणूस सूट घालून काउंटरशी उभा होता. त्याला वाटत होतं, नकार मी देणार.

मॅटी घाईघाईने टोपी काढू लागले. सुनंदाने त्यांचा हात धरला. "नाही," ती म्हणाली, आणि केतकीला म्हणाली, "त्यांना सांग, एकदा केलेला मान परत घेत नाहीत." मग तिने टॉमना बसवलं, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. द्यायला काही उरलं नव्हतं. मॅटींनी हातातल्या नारळाकडे पाहिलं, तो काउंटरवर नेला आणि मालकाकडून हातोडी मागितली. ठोकल्यावर तो बरोबर त्या चरीवर उकलला, दोन अगदी सारखी भकलं झाली. पाणी कुणाच्या तरी ग्लासात सांडलं, त्याने ते एलसकट पिऊन टाकलं. एक भकल टॉमना, एक मॅटींना. त्या चरी पाडलेल्या नारळाला सुनंदाने आदल्या दिवशी काय काय म्हटलं होतं, ते मी तिला तेव्हा आठवून दिलं नाही.

मग मी केतकीकडे बघून मराठीत म्हणालो, "डोनल पसंत आहे आम्हाला."  केतकी रडली. डोनलने टॉमना काहीतरी सांगितलं, टॉमनी टाय सैल केला, आणि माझ्यापुढे चौथा ग्लास आला. बाळाची आई अजून परतली नव्हती.

नागपूर

लग्न पुढच्या उन्हाळ्यात, त्यांच्या उन्हाळ्यात. तिथे की इथे, आधी मांडव की आधी चर्च, यावर अजून रोज फोन होतात आणि मला त्यातलं काही कळत नाही. केतकीला विचारावं तर म्हणते ग्रँड आहे बाबा सगळं.

गेल्या रविवारी तिचा फोन आला, जरा वैतागलेली होती. "बाबा, मॅटी काय करताहेत माहितीये? मागची खोली रिकामी करून भिंती घासून काढल्या. कोणता रंग देऊ म्हणून मला विचारायला घरी आले होते, ती टोपी घालून. मी काय सांगू त्यांना? मला ती खोली कधीच लागणार नाहीये."

"न लागो," मी म्हणालो. "पण त्यांना पिवळा सांग. तुझी इथली खोली पिवळी आहे."

 तिकडून तिने विचारलं, "फिका पिवळा ना?"

"फिका," मी म्हणालो.